गंजलेली शस्त्रे, अडकलेले स्क्रू

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांच्या खांद्यावर जी ली-एन्फिल्ड रायफल होती, आपल्याकडे जिला सगळे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात, तिचा मागचा दस्ता काढणे वरवर पाहता अगदी सोपे काम आहे. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी असते, पट्टीत एक छोटे झाकण असते. ते उघडून लांब स्क्रू ड्रायव्हर आत सरकवला की खोलवर एका जाड बोल्टच्या खाचेत बसतो. बोल्ट शंभर वर्षांचा, तो सहजासहजी हलत नाही. मग माणूस दोन्ही हातांनी जोर लावतो, बोल्ट फिरतो, आणि त्याच क्षणी नळीखालचे लाकूड उभे चिरते. कारण त्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या खाचेत अडकवलेले असते. गोळीबाराच्या धक्क्यांनी बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. आधी घोड्याभोवतीची कमान आणि पुढचे लाकूड काढायचे, दस्त्याला हात सगळ्यात शेवटी लावायचा, हा क्रम सैन्यातल्या शस्त्रकारांना पाठ असे. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही हीच रायफल बनत होती. तिची फाटलेली लाकडे आज जगभरच्या संग्राहकांकडे सापडतात, आणि त्यातली बरीचशी युद्ध संपल्यानंतर, कोणीतरी ‘जरा साफ करायला’ घेतल्यावर फाटलेली आहेत.

जुन्या लष्करी वस्तूंच्या बाबतीत दोन प्रश्न माणसाला छळतात. गंज कसा काढायचा आणि न हलणारा स्क्रू कसा हलवायचा. दोन्हींची उत्तरे बाजारातल्या बाटल्यांवर छापलेली असतात, पण त्याआधीचे दोन प्रश्न कोणी छापत नाही. हा गंज काढायचा आहे का, आणि हा स्क्रू हलत का नाही? माझ्या मते या कामातले निम्मे कौशल्य या दोन प्रश्नांत आहे.

पण त्याच्याही आधी जिवाची गोष्ट. २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धकाळातल्या तोफगोळ्यांचा एक जाणकार संग्राहक आपल्या घराच्या आवारात एक नौदलाचा गोळा साफ करत असताना तो गोळा फुटला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. गोळ्याच्या आत दारू भरलेली होती आणि ती सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतरही जिवंत होती. काळी दारू कोरडी राहिली तर ‘शिळी’ होत नाही. महायुद्धातल्या काही गोळ्यांमध्ये पिक्रिक आम्ल भरलेले असे. ते धातूशी संयोग पावून जे क्षार बनवते, ते मूळ स्फोटकापेक्षाही जास्त नाजूक असतात. त्यामुळे कुठलाही बंद गोळा, बॉम्ब, हातबॉम्ब किंवा फ्यूज गंजलेला सापडला तर त्याला ब्रश लावू नये, तेल लावू नये, त्याचे आटे फिरवून तर मुळीच पाहू नये. जिथे आहे तिथे सोडून पोलिसांना कळवावे. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधले शेतकरी आजही नांगराला लागलेले पहिल्या महायुद्धातले गोळे बांधावर ठेवतात आणि बॉम्बशोधक पथक येऊन ते घेऊन जाते.

ठासणीच्या बंदुकीचीही तीच तऱ्हा. वाड्याच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडलेली बंदूक भरलेली असू शकते, कारण ठासलेला बार परत काढणे कटकटीचे, म्हणून लोक ती तशीच ठेवत. तपासण्याची रीत साधी आहे. एक लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालायची आणि तोंडाशी खूण करायची. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठीचे टोक कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल, दोन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक उष्णतेपासून आणि हातोडीपासून लांब ठेवायची आणि जाणकाराकडे द्यायची.

आता गंजाकडे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, एवढे शाळेत सांगतात. पण गंज एकाच जातीचा नसतो. लालसर नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागणारा गंज म्हणजे काम चालू आहे. काळपट तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर म्हणजे काम बहुतेक थांबले आहे. तो थर आता खालच्या लोखंडाचे थोडेफार रक्षणच करतो. आणि पिवळट थेंबांसारखे ओलसर फोड, दमट हवेत घामासारखे पाझरणारे, हे सगळ्यात वाईट लक्षण. तिथे लोखंडात मीठ शिरलेले आहे. स्वच्छ पांढऱ्या फडक्याचा तुकडा कोरडाच फिरवून पाहिला तरी यातले बरेचसे कळते.

दुसरी गोष्ट, गंज ही वस्तूवर बसलेली धूळ नाही. ते त्याच वस्तूचे रूपांतर झालेले लोखंड आहे आणि ते मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेते. म्हणून गंजलेल्या पत्र्याचे पापुद्रे सुटतात, आणि म्हणूनच स्क्रू आपल्याच भोकात आवळला जातो. गंजाने पडलेले खड्डे काही केल्या भरून येत नाहीत. ते ‘घालवायचे’ तर भोवतालचे चांगले लोखंड खड्ड्याच्या तळापर्यंत घासून उतरवावे लागते. त्या खटाटोपात कारखान्याचा शिक्का, साल, पलटणीचा क्रमांक, सगळे साफ होते. चकचकीत झालेल्या अशा संगिनीला बाजारात किंमतही कमी येते, आणि ते योग्यच आहे.

खाली काय आहे हे ओळखण्यासाठी मूळ पृष्ठभाग कसा होता याची माहिती हवी. अठराव्या शतकाच्या अखेरपासून युरोपातल्या कितीतरी बंदुकांच्या नळ्या कारखान्यातच मुद्दाम गंजवून तपकिरी केल्या जात. नियंत्रित गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, असे थर देऊन तो रंग येई. ही तपकिरी छटा गंज समजून घासून काढणारे लोक आजही आहेत. नंतरच्या बंदुकांची निळसर काळी झिलई हीसुद्धा लोखंडाच्या ऑक्साइडचाच पातळ थर असतो. त्यामुळे लाल गंज विरघळवणारे कुठलेही आम्ल त्या झिलईलाही सोडत नाही. जपानी तलवारीत तर याहून कडक नियम आहे. मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग, ज्यावर लोहाराची सही कोरलेली असते, त्यावरचा गंज कधीच काढत नाहीत. त्या गंजाचा रंग आणि पोत पाहून जाणकार पात्याचे वय ठरवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी घरी नेलेल्या कित्येक तलवारींचा तो भाग त्यांच्या मुलाबाळांनी सँडपेपरने लख्ख करून ठेवला, आणि कधी कधी त्यासोबत काही शतकांचा पुरावा पुसला.

आपल्याकडच्या जौहरदार पात्यांची गत अशीच. पोलादातल्या पाण्यासारख्या लहरी हलक्या आम्लाने उठवलेल्या असतात. पात्यावर पॉलिश पेपर मारला की लहरी गेल्या. मुठीवरची कोफ्तगरी तर आणखी नाजूक. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यात सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. तिच्या खाली गंज धरला की सोने वर उचलले जाते, आणि तारेचा ब्रश फिरला की खाली पडते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश ‘ब्रॉडी’ शिरस्त्राणाला तर लोहचुंबक लावून पाहावे. १९१५ मध्ये आलेले हे टोप मँगनीज पोलादाचे असल्याने त्यांना चुंबक चिकटत नाही, फक्त नंतर बसवलेल्या काठाच्या पट्टीला चिकटतो. त्यांच्यावरचा मातकट रंग, त्यावर सैनिकाने रंगवलेली पलटणीची खूण, हीच त्या टोपाची ओळख. गंज काढण्याच्या बाथमध्ये बुडवलेला टोप कोरा होऊन बाहेर येतो.

तेव्हा पद्धत निवडायची ती सौम्यापासून सुरुवात करून. पहिली पायरी तेल आणि सर्वांत बारीक प्रतीचे स्टील वूल, ज्याच्या पाकिटावर चार शून्ये असतात. तेल गंजावर रात्रभर राहू द्यायचे आणि मग हलक्या हाताने गोल गोल फिरवायचे. बऱ्याच बंदुकांना एवढेच पुरते. जाड पापुद्रा असेल तर पितळेच्या पट्टीचे टोक धारदार करून त्याने खरवडायचे. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो, पण खाली ओरखडा उठत नाही. तेल कुठले? शिवणयंत्राचे. ते खनिज तेल असते, गावोगावी मिळते आणि वाळून चिकट होत नाही. जवस, करडई, तीळ ही तेले शस्त्राला लावू नयेत. हवेत ती हळूहळू घट्ट होतात आणि काही वर्षांनी त्यांचा डिंकासारखा थर बनतो. चाप न हलणाऱ्या कित्येक जुन्या बंदुकांत गंज नसतोच, आजोबांनी मायेने लावलेले तेल असते. ते टर्पेंटाइनने सुटते. रॉकेलही चालते, पण ते आता शोधावे लागते.

झिलई असलेल्या नळीवर लाल गंजाचे ठिपके उठले असतील तर एक फार सुंदर उपाय आहे, आणि तो कुठल्याही बाटलीत मिळत नाही. उकळते पाणी. सुटी केलेली नळी तेलकटपणा पूर्ण काढून शुद्ध पाण्यात वीसएक मिनिटे उकळली की लाल गंजाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. बाहेर काढून मऊ ब्रशने घासले की सुटा भाग निघून जातो आणि घट्ट काळा थर राहतो. जुने बंदूकसाज झिलई चढवत ती याच रसायनाने. म्हणजे ज्या रीतीने वस्तू बनली, त्याच रीतीने ती सावरली जाते. पाणी मात्र बोअरिंगचे नको, क्षारांचे डाग पडतात. गाडीच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणावे.

उकळत्या पाण्याचा सैन्याशी संबंध जुना आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरे, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. हा क्षार हवेतली ओल खेचतो आणि एका दमट रात्रीत नळी गंजवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून ब्रिटिश सैनिकाला नळीत उकळते पाणी ओतण्यासाठी खास नरसाळे दिले जाई. आधी पाणी, मग कोरडे फडके, मग तेल. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे उमटवलेली असत. त्या काळच्या काडतुसांवर चाललेल्या रायफलची नळी आज आतून खडबडीत असेल, तर कोणीतरी तेव्हा पाणी ओतायचा कंटाळा केला होता असे समजावे.

आम्लांविषयी माझे मत कडक आहे. फरशी आणि संडास साफ करायच्या आम्लात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज झटक्यात काढते आणि क्लोराइड लोखंडाच्या रंध्रांत सोडून जाते. दोन महिन्यांनी गंज दुपटीने परत येतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर सौम्य आहेत, पण लोखंड करडे, निर्जीव करतात. कोकाकोलाने गंज निघतो ही गोष्ट खरी आहे, त्यात फॉस्फोरिक आम्ल असते. तेच आम्ल दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून मिळत असताना साखरेचा पाक कशाला ओतायचा? आम्लाऐवजी लोहाला पकडून विरघळवणारी द्रवे मिळतात, ‘इव्हापो-रस्ट’ हे त्यातले एक प्रसिद्ध नाव. ती लोखंडाला जवळजवळ धक्का लावत नाहीत, पण झिलई मात्र खातात.

शेतात सापडलेले भाल्याचे टोक किंवा गंजून गोळा झालेली कट्यार यांच्यासाठी संग्रहालयांत टॅनिनचा लेप वापरतात. टॅनिन गंजातल्या लोहाशी जोडले जाऊन निळसर काळे, स्थिर संयुग बनवते. ही क्रिया आपल्याकडे कोणालाही नवी वाटायला नको. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच रसायनाची. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह.

जाड, साध्या, रंग नसलेल्या लोखंडी वस्तूंसाठी विजेची पद्धत उत्तम. प्लास्टिकच्या बादलीत चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालायचा. गाडीच्या बॅटरीचा बारा व्होल्टचा चार्जर घ्यायचा. त्याची ऋण तार वस्तूला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पत्र्याला लावायची. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. तारा उलट्या लागल्या तर पत्र्याऐवजी वस्तूच विरघळेल, म्हणून चार्जर चालू करण्याआधी दोनदा पाहावे. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बुडबुडे निघतात ते हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हे काम उघड्यावर करायचे आणि जवळ विडी-काडी नको. चापाच्या स्प्रिंगा या बादलीत कधीच टाकू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते आणि स्प्रिंग पुढच्या वेळी दाबताना तुटते. कोफ्तगरी, पितळ, रंग असलेले काहीही या बादलीत जाऊ नये हे वेगळे सांगायला नको.

हीच बादली मोठी केली की अमेरिकेतल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरीनर्स म्युझियममधली टाकी होते. ‘मॉनिटर’ ही चिलखती युद्धनौका १८६२ च्या ३१ डिसेंबरला वादळात बुडाली. तिचा फिरता तोफबुरूज २००२ मध्ये वर काढला. तेव्हापासून तो अल्कधर्मी पाण्याच्या टाकीत आहे आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यातून मीठ काढण्याचे काम चालू आहे. बुरुजाची भिंत एकेक इंच जाडीच्या आठ लोखंडी पत्र्यांची, असंख्य बोल्टांनी जखडलेली. बाहेरून गोळा आदळला की आतले नट सुटून गोळीसारखे उडतील, म्हणून नटांवर आतून पत्र्याची झाकणे घातलेली होती. ती झाकणे आणि ते नट एकेक करून सोडवणे हे संवर्धकांचे काम.

मिठाचे महत्त्व इतके का, हे ब्रिस्टलच्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजावरून कळते. १८४३ मध्ये पाण्यात उतरलेले हे लोखंडी जहाज १८५७ मध्ये ब्रिटिश घोडदळ घेऊन मुंबईला आले होते. पुढे ते फॉकलंड बेटांवर टाकून दिले गेले आणि १९७० मध्ये ब्रिस्टलला परत आणले गेले. त्याच्या पत्र्यांत मीठ इतके मुरलेले आहे की नेहमीच्या हवेत ते गंजतच राहिले असते. कार्डिफ विद्यापीठातल्या प्रयोगांतून दिसले की हवेतली आर्द्रता २० टक्क्यांवर आणली की हा गंज जवळजवळ थांबतो. म्हणून जहाजाचा खालचा भाग काचेच्या छताखाली बंद करून तिथली हवा यंत्रांनी कोरडी ठेवली आहे. आता आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या जलदुर्गांत उघड्यावर पडलेल्या ओतीव लोखंडाच्या तोफा आठवा. पावसाळ्यात आर्द्रता नव्वदच्या घरात, बारा महिने खारा वारा. अशा तोफेवर नुसता ऑइलपेंट फासला तर मीठ आत कोंडले जाते आणि रंगाखाली गंज चालूच राहतो. आधी गोड्या पाण्याने अनेकदा धुणे, मग वाळवणे, मग टॅनिन, मग मेण किंवा संरक्षक थर, हा क्रम. आणि तोही गडावरच्या वस्तूंच्या बाबतीत पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊनच. नगरला १५४९ मध्ये ओतलेल्या, आता विजापुरात असलेल्या मुलुखमैदान तोफेला ही चिंता नाही. ती काशाची आहे.

तोफेवरून अडकलेल्या खिळ्यांकडे येऊ, कारण लष्करी इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध अडकलेला खिळा तोफेच्या कानातला. माघार घेताना तोफा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बत्ती द्यायच्या छिद्रात कडक पोलादी खिळा ठोकून तो वर मोडून टाकत. त्या तोफांचे कान सोडवायला लागणारा वेळ हेच माघार घेणाऱ्याचे शस्त्र. सैनिकांपुढे उपाय दोनच असत. आतून बार भरून खिळा उडवणे, किंवा शेजारी नवे छिद्र पाडणे.

सुदैवाने आपल्यापुढचा स्क्रू कोणी मुद्दाम अडवलेला नसतो. निदान बहुतेक वेळा. लष्करी वस्तूंत स्क्रू सुटू नये म्हणून त्याच्या माथ्याच्या कडेला छिन्नीचा टोला देऊन धातू खाचेत दाबलेला असतो, तो भिंगातून पाहिल्याशिवाय दिसत नाही. तो दाबलेला भाग आधी उचलावा लागतो. काही ठिकाणी आटे उलटे असतात. काही ‘स्क्रू’ स्क्रू नसतातच, एका बाजूने निमुळती पिन असते आणि ती जाड टोकाकडूनच बाहेर पडते. म्हणजे टोला बारीक टोकावर द्यायचा. पितळात पोलादी स्क्रू असेल तर दोन धातूंतल्या विद्युतरासायनिक भांडणाने लोखंड अधिक गंजलेले असते. हे सगळे पाहून झाल्यावरच तेल.

तेलांत ‘डब्ल्यूडी-४०’चे नाव सगळ्यांना ठाऊक. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत ते पाणी हटवण्यासाठी बनले, चाळिसाव्या प्रयत्नात, म्हणून नावात चाळीस. त्याचा पहिला मोठा उपयोग अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी झाला. पाणी हटवायला ते उत्तम, घट्ट स्क्रू सोडवायला मध्यम. त्याहून जुने जर्मन ‘बॅलिस्टॉल’, १९०४ चे, तिथल्या सैन्यासाठी बनवलेले. बंदुकीचे लोखंड, लाकूड आणि चामडे तिन्हींना चालेल असे एकच तेल त्यांना हवे होते. तेल कुठलेही असो, त्याला आट्यांमधून आत शिरायला वेळ लागतो. स्क्रूभोवती थेंब सोडायचा, सोल्डरिंग आयर्नचे टोक माथ्यावर टेकवून तो तापवायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा थेंब. तापताना स्क्रू फुगतो, निवताना आकसतो, आणि त्या हालचालीत गंजाची पकड तुटते. मेणबत्तीचे मेण तापल्या सांध्याला टेकवले तरी ते आत ओढले जाते. अधूनमधून पितळी सळईवरून माथ्यावर हलके टोले. हे आठवडाभर चालू द्यावे. स्क्रू शंभर वर्षे थांबला आहे, आपणही थांबू शकतो.

मग स्क्रू ड्रायव्हर. दुकानातल्या साध्या ड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे निमुळते असते. जोर लावला की ते खाचेतून वर सरकते आणि खाच कुरतडते. बंदूकसाज आपला ड्रायव्हर कानशीने घासून खाचेच्या मापाचा करतो, दोन्ही बाजू समांतर, रुंदी माथ्याएवढी. खालची वस्तू व्हाइसमध्ये चामड्याच्या तुकड्यांत धरायची आणि पहिले वळण, विचित्र वाटेल, पण घट्ट करण्याच्या दिशेने द्यायचे. केसभर हलला तरी पुरे, गंजाचा धागा तुटलेला असतो. मग उलटे. अडले की परत पुढे, परत मागे.

सोडवलेला प्रत्येक स्क्रू कुठला हे लिहून ठेवावे लागते. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एकच माप सुचवण्याआधी प्रत्येक कारखान्याचे, कधी कधी प्रत्येक कारागिराचे आटे वेगळे होते. जुन्या बंदुकीतल्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रूंची अदलाबदल केली तर दोन्ही भोकांचे आटे जातात. काही कारागीर म्हणूनच माथ्याखाली कानशीने एक, दोन, तीन अशा रेघा मारत.

आणि स्क्रू मोडलाच तर? लष्करी होकायंत्र किंवा दुर्बिणीच्या पितळी अंगात पोलादी स्क्रू मोडला असेल तर घड्याळजींची युक्ती वापरावी. बाकीचे सगळे पोलादी भाग काढून तो पितळी तुकडा तुरटीच्या गरम द्रावणात ठेवायचा. तुरटी लोखंड विरघळवते, पितळाला जवळजवळ सोडून देते. वेळ लागतो, पण भोकाचे आटे शाबूत राहतात. लोखंडात लोखंड मोडले असेल तर बारीक ड्रिलचे काम आणि कसबी हात हवा. मोडके स्क्रू काढायचे ते उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर स्वतःच कडक पोलादाचे असतात. ते आत मोडले तर मग ड्रिलही चालत नाही.

आपल्या तलवारींत बहुधा स्क्रू नसतोच. पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत लाखेच्या मिश्रणाने चिकटवलेले असते. म्हणून मूठ हलायला लागली तर ठोकून बसवू नये, लाख चुरा होते. उष्णतेने ती मऊ पडते, म्हणूनच मुठीसकट तलवार उकळत्या पाण्यात घालणे हा सगळ्यात वाईट विचार. मुठीला सोन्याचे काम असेल, पाते जौहरदार असेल, तर घरगुती उपाय थांबवून संग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे केंद्र आहे.

कायद्याचा एक मुद्दा संग्राहकांच्या लक्षात येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम जुन्या, कालबाह्य शस्त्राला सवलत देते, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. गंजून बंद पडलेला चाप मोकळा करून नळी साफ करणारा माणूस नेमकी ही सवलत गमावण्याच्या वाटेवर असू शकतो. घरातल्या बंदुकीला हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करून लेखी उत्तर घ्यावे.

साफ झालेली वस्तू बोटांच्या घामाने पुन्हा गंजते, म्हणून सुती हातमोजे घालून पातळ मेणाचा थर द्यावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले ‘रेनेसान्स वॅक्स’ यासाठी जगभर वापरतात. खंडेनवमीला पात्यावर हळद-कुंकू वाहायचे, लिंबू कापायचे, तर जरूर करावे, मात्र संध्याकाळी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून तेल लावावे. लिंबाचा रस आणि ओली हळद रात्रभर राहिली तर सकाळी काळे डाग दिसतात. आणि तलवार म्यानात ठेवू नये. म्यानाचे लाकूड आणि मखमल पावसाळ्यात ओल धरतात, कमावलेल्या चामड्यात आम्ल असते, आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही. म्यान आणि पाते शेजारी शेजारी, वेगळे ठेवावे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उजेडात पाहावे.